पीएम किसानचा हप्ता सातबाऱ्याच्या मालकाला की जमीन कसणाऱ्याला?

बांधावरचा
पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि नमो शेतकरी महासन्मानचे ६,०००, दोन्ही सातबारा ज्याच्या नावावर त्यालाच. अर्धेलीने (पीक निम्मं वाटून), खंडाने (ठरलेलं भाडं देऊन), विदर्भात मक्त्याने दुसऱ्याचं शेत करणारा बियाणं, खत, फवारणी, मजुरी सगळं घालतो आणि त्याच्या खात्यात छदामही येत नाही. मालक शहरात राहून दर चार महिन्यांनी दोन्हींचे २,०००-२,००० उचलतो. हा पैसा कसणाऱ्याचाच आहे. ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची मोबाइल ॲपवर नोंद, २०२१ पासून सुरू आहे, तिच्यावरून याद्या करा.

सज्जा ७
ई-पीक पाहणीतून हे होणार नाही. ॲपमध्ये आधी खातेदार निवडावा लागतो, मग गट, मग पीक. कापूस आहे एवढं कळतं, तो कोणी पेरला ते नाही. खातेदाराशिवाय दुसरा कोणी कसत असेल तर तलाठी नमुना १४ हा फॉर्म भरतो, तहसीलदार चौकशी करतात आणि मग गाव नमुना सात-ब, म्हणजे मालकाशिवाय कसणाऱ्यांच्या नोंदवहीत, नोंद होते. ती नोंद मालक होऊ देत नाही. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला कुळं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारे, कायद्याने मालक झाली, हे कोणी विसरलेलं नाही. तुम्ही २,०००च्या हप्त्यासाठी नाव लावायला गेलात तर पुढच्या हंगामात जमीनच मिळणार नाही. म्हणून माझा विरोध आहे.

कोरडवाहू
शिवाय कसणाऱ्याला पैसे मिळाले की मालक तेवढा खंड वाढवणार. मग हाती काय उरलं?

बांधावरचा
खंड एकरावर ठरतो, ही रक्कम कुटुंबामागे आहे. दोन एकर कसा नाहीतर दहा, ६,०००च. तेलंगणात रयतु बंधू एकरी होती, तिथे तुमची भीती खरी ठरली असती. पण तिथेही पैसा पट्टेदाराला, म्हणजे जमीन नावावर असलेल्या मालकालाच गेला. ओडिशाच्या कालिया योजनेने बटईदार (वाट्याने कसणारे) आणि भूमिहीन दोघांनाही घेतलं होतं, म्हणजे जमत नाही असं नाही.

सज्जा ७
आंध्रचंही बघा. २०१९ च्या कायद्यात कसणाऱ्यासाठी ११ महिन्यांचं पीक हक्क पत्र आहे, मालकी हक्काला धक्का लागणार नाही असं त्यातच लिहिलंय. तरी मालकाची सही लागते आणि घोडं तिथेच अडतं. आपल्याकडे पीक विम्याला नोंदणीकृत भाडेकरार मागतात, तिथेही तेच.

पोर्टलवाला
जे आज पात्र आहेत त्यांचेच हप्ते अडकलेत, आधी ते सोडवा. पीएम किसान पोर्टलवरच्या स्टेटसमध्ये तीन गोष्टी बघा: ई-केवायसी (ओळख पडताळणी), लँड सीडिंग (जमिनीची नोंद अर्जाशी जोडणं), आधार-बँक जोडणी. तिन्हींपुढे ‘येस’ हवं. लँड सीडिंगला ‘नो’ असेल तर सातबारा, आठ-अ आणि फेरफार घेऊन तालुक्याला जा. तिन्ही ‘येस’ असून पैसे दिसत नसतील तर बँक तपासा: पैसा अर्जातल्या खात्यात नाही, आधारशी शेवटचं जोडलेल्या खात्यात पडतो. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन घेतली असेल तर हप्ता नाही. वारसाने आली असेल तर मिळतो, पण वारस फेरफार मंजूर झालेला हवा.

बांधावरचा
हे करायलाच हवं, पण यात बटईदार कुठेच नाही. पीएम किसानचे निकष दिल्लीत ठरतात, मान्य. ‘नमो’ मात्र राज्याची आहे, तिची यादी केंद्राच्या यादीवरून उचलली जाते एवढंच. ‘नमो’पुरता सात-बची नोंद न मागणारा वेगळा अर्ज ठेवा: कुळहक्काशी संबंध नाही असं त्यावर छापा, मालकाच्या सहीऐवजी ग्रामसभेची नोंद धरा.

सज्जा ७
ग्रामसभेत मालकासमोर हात वर कोण करणार?

बांधावरचा
मग कृषी सहायकाने पेरणीनंतर बांधावर जाऊन पंचनामा करावा. गारपिटीचा करतात तसाच.