कॉमिक्सचं पानही न उलटलेल्यांना सुपरहिरोंच्या मालिका का धरून ठेवतात?

रात्रपाळी

कॉमिक्स मी वाचत नाही. विरोध वगैरे काही नाही, पण साठ-सत्तर वर्षांचा तो पसारा बघून हिंमत होत नाही. मालिका मात्र आवडीने बघतो. आणि दरवेळी कुणीतरी जाणकार भेटतोच, जो सांगतो की मूळ माहीत नसेल तर तुम्हाला यातलं निम्मंच कळलं. यावर एकदा नीट भांडायचं होतं, म्हणून हा धागा. (पुढे स्पॉयलरच स्पॉयलर आहेत. ज्यांना जपायचं असेल त्यांनी इथूनच मागे फिरावं.)

माझं म्हणणं असं की नवख्याला काही माहीत नसणं ही चांगल्या मालिकेची अडचण नसते, ते तिचं भांडवल असतं. २०१५ ची 'डेअरडेव्हिल' घ्या. पहिले दोन भाग शहरातले गुंड कुणाला तरी टरकून आहेत, पण त्याचं नाव घ्यायला कुणी तयार नाही. तिसऱ्या भागात एक भाडोत्री मारेकरी बेदम मार खाल्ल्यावर नाव सांगतो: विल्सन फिस्क. सांगितल्याबरोबर त्याला कळतं की आता आपल्याच नव्हे, आपल्या सगळ्या माणसांच्या जिवावर बेतणार, आणि तिथल्या तिथे तो लोखंडी टोकावर स्वतःचं डोकं आपटून जीव देतो. यानंतर फिस्क आपल्याला पहिल्यांदा दिसतो तो एका आर्ट गॅलरीत, पांढऱ्याफटक चित्रासमोर एकटाच उभा. शेजारी येऊन एक बाई विचारते, हे बघून काय वाटतं? तो म्हणतो, एकटं वाटतं.

फिस्क म्हणजेच किंगपिन, हा गडी कॉमिक्सवाल्यांच्या ओळखीचा आहे १९६७ पासून. ते नाव ऐकून त्यांनी टाळ्या पिटल्या असतील. मी गुंडांच्या बरोबरीने घाबरत त्या नावापर्यंत पोचलो होतो. आता सांगा, निम्मं कुणाला मिळालं?

दुसरं म्हणजे वेळ. तेरा भागांत माणसाला थकू देता येतं. दुसऱ्या भागातली ती बोळातली मारामारी आठवा. पळवून नेलेल्या पोराला सोडवायला गेलेला मॅट मरडॉक, म्हणजे आपला डेअरडेव्हिल, आधीच जखमी आहे. एक गुंड आडवा झाला की हा भिंतीला टेकून श्वास घेतो, तोवर पहिला परत उठतो. हे समजायला कुठला अंक वाचावा लागतो? लाल पोशाख तर थेट शेवटच्या भागात येतो. तोवर आपण अंगात काळे कपडे आणि डोळ्यांवर फडकं बांधलेल्या एका वकिलाचीच काळजी करत असतो.

पानपलट

तो जाणकार बहुधा मीच, त्यामुळे पहिला मान माझा.

रात्रपाळी, तुम्ही ज्याचं श्रेय टीव्हीला देताय ते सगळं छापील आहे हो. तो काळा वेश, ते फडकं, हे १९९३ च्या 'द मॅन विदाउट फिअर' या कॉमिक्समधून उचललंय. लेखक फ्रँक मिलर, चित्रकार जॉन रोमिटा ज्युनियर. तिसऱ्या सीझनमध्ये फिस्क मॅटचं आयुष्य एकेक वीट काढून पाडतो, त्याचा सांगाडा १९८६ च्या 'बॉर्न अगेन'चा. थकणारा, हरणारा, कबुलीजबाबाला चर्चमध्ये बसणारा हिरो कागदावर आधी घडला. मालिकेने तो नीट चितारला, एवढं श्रेय मी देतो. त्याहून जास्त नाही.

आणि 'नवख्यांसाठी' या शब्दाचा मला राग का येतो तेही सांगतो. बऱ्याचदा त्यामागे कॉमिक्सची लाज असते. १९७७ च्या 'द इन्क्रेडिबल हल्क'मध्ये हल्क होणाऱ्या ब्रूस बॅनरचा डेव्हिड बॅनर केला. सुपरव्हिलन नाहीत. हल्क बोलत नाही, नुसता गुरगुरतो. निर्माते केनेथ जॉन्सन यांनी व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल'मधला पाठलाग उचलला आणि इन्स्पेक्टरच्या जागी एक पत्रकार बसवला. छान आहे, पण मग हल्क कशाला हवा होता? 'स्मॉलव्हिल'ने तर २००१ ते २०११ दहा सीझन काढले, नियम काय तर पोशाख नाही आणि उड्डाण नाही. सुपरमॅनला सुपरमॅन व्हायला शेवटचा भाग उजाडावा लागला. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हे.

खडूस_काकू

पानपलट, हल्क कशाला हवा होता म्हणजे? राग आला की आपल्या हातून काय होईल याची धास्ती घेऊन गावोगाव फिरणारा माणूस दाखवायला हवा होता. भागाच्या शेवटी तो पिशवी खांद्याला लावून रस्त्याने चालू लागतो आणि मागे ते पियानो वाजतं. त्याला व्हिलन जोडला असता तर मुलांची मारामारी झाली असती. मालिका १९८२ पर्यंत चालली ती हिरव्या रंगामुळे नव्हे.

'स्मॉलव्हिल'बद्दल मात्र सहमत. तीन सीझननंतर मी सोडली.

अर्धविराम

दोघेही एका गोष्टीची गल्लत करताय. 'माहीत नसणं' दोन प्रकारचं असतं. एक, मालिकेतल्या कुणालातरी माहीत नाही म्हणून मलाही माहीत नाही. दुसरं, मालिकेतल्या सगळ्यांना माहीत आहे, बनवणाऱ्यांना आहे, शेजारी बसलेल्याला आहे, फक्त मलाच नाही. पहिल्याला रहस्य म्हणतात. दुसरी उधारी, आधीच्या कुठल्यातरी सिनेमाची नाहीतर अंकाची.

दोन्ही एकाच मालिकेत बघायचं असेल तर 'वांडाव्हिजन' (२०२१). पहिला भाग जुन्या कृष्णधवल विनोदी मालिकेसारखा, मागे हास्याचा आवाज. वांडाच्या नवऱ्याचा, म्हणजे व्हिजनचा, बॉस आणि त्या बॉसची बायको जेवायला आलेत. प्रश्न विचारता विचारता बॉसला ठसका लागतो, घास अडकतो, तो खाली कोसळतो. बायको हसत म्हणते, पुरे आता. मग पुन्हा, पुरे आता. तिसऱ्या-चौथ्यांदा ते हसू चेहऱ्यावरच राहतं आणि आवाजात गयावया येते. ती नवऱ्याला म्हणतेय की वांडाला, हेच कळेनासं होतं. मागचं हास्य थांबलेलं असतं. मार्व्हलचा म सुद्धा माहीत नसलेल्या माणसाच्या अंगावर काटा येतो, कारण त्या टेबलावर बसलेल्या व्हिजनलाही आपल्याइतकंच कळत असतं.

आता पाचव्या भागाचा शेवट. दार उघडतं, वांडाचा मेलेला भाऊ उभा, पण चेहरा वेगळा. हा नट दुसऱ्या स्टुडिओच्या 'एक्स-मेन' सिनेमांत हीच भूमिका करणारा. ज्याला माहीत होतं तो सोफ्यावरून उडाला. नवख्यासाठी एका पात्राच्या तोंडी वाक्य घातलंय, की हिने भावाचा नटच बदलला! म्हणजे विनोद समजावून सांगितला. आणि पुढे त्यातून निघालं काय? तो कुणीतरी भलताच निघाला, म्हणजे जाणकारांनाही मामाच बनवलं.

ही उधारी फार वाढली की काय होतं ते 'द मार्व्हल्स' या सिनेमाच्या वेळी (२०२३) दिसलं. तीन नायिकांपैकी एक सिनेमातून आलेली, दोघी दोन वेगळ्या मालिकांमधून. त्या सगळ्या सिनेमालिकेतली सर्वांत कमी कमाई त्याच्या वाट्याला आली. कमाईची कारणं दहा असतील, पण हे त्यातलं एक नाही असं कुणी म्हणू नये. त्याच वर्षी मार्व्हलने 'स्पॉटलाइट' नावाचा वेगळा शिक्का जाहीर केला: या मालिका बघायला मागचं काही माहीत असण्याची गरज नाही. शिक्का पहिल्यांदा लागला तो 'एको'वर, जानेवारी २०२४. गंमत म्हणजे एको हे पात्र 'हॉकआय' मालिकेतून आलेलं आणि समोर खलनायक कोण, तर आपला रात्रपाळींचा विल्सन फिस्क.

रात्रपाळी

अर्धविराम, 'उधारी' उचलतोय, मला हेच म्हणायचं होतं. फिस्कच्या वेळी ती नव्हती, कारण त्याचं नाव ऐकून काय वाटायला हवं हे मालिकेने स्वतःच्या पदरचे तीन भाग खर्चून आधी घडवलं.

पानपलट

उधारीचा दोष टीव्ही आणि सिनेमावाल्यांचा आहे, कॉमिक्सवर ढकलू नका. दरमहा निघणाऱ्या अंकात जुना संदर्भ आला की चौकटीत फुली आणि खाली संपादकाची टीप असायची, की हे अमुक अंकात घडलं. नवा वाचक रोजच येणार हे त्या लोकांनी धरूनच चालवलं होतं. 'फार मोठा पसारा आहे' हे भय बाहेरच्यांचं. कुठूनही सुरू करा, चालतं.

चष्मिष्ट

अॅनिमेशनला सगळे विसरले का? की ती 'खरी' मालिका नव्हे?

१९९२ ची 'बॅटमॅन: द अॅनिमेटेड सीरिज'. हार्ली क्विन ही बाई तिच्यासाठी घडवलेली, जोकरची साथीदार म्हणून, आणि नंतर कॉमिक्समध्ये गेली. आणि मिस्टर फ्रीझ! त्याआधी तो बर्फाची बंदूक घेऊन हिंडणारा एक फुटकळ चोर होता. 'हार्ट ऑफ आइस' या एका भागाने त्याला गोठवून ठेवलेली आजारी बायको दिली, भावना आटून गेलेला माणूस केला, टीव्हीचा एमी पुरस्कार मिळवला, आणि तीच कहाणी पुढे कॉमिक्सने आपली म्हणून स्वीकारली. त्याचं 'फ्रीझ' हे नावसुद्धा १९६६ च्या टीव्ही मालिकेचं, छापील नाव मिस्टर झीरो होतं. सुपरमॅनला दुबळा करणारा तो दगड, क्रिप्टोनाइट, रेडिओवर आला १९४३ मध्ये, कॉमिक्समध्ये त्यानंतर सहा वर्षांनी. तेव्हा पानपलट, 'मूळ' म्हणून जे दाखवता त्यातलं बरंच नवख्या श्रोत्या-प्रेक्षकांसाठी बाहेर शिजलेलं आहे.

पानपलट

हार्लीबद्दल वाद नाही. ते लोक कॉमिक्सवर जीव टाकणारे होते, लाजणारे नव्हते. फरक तिथेच आहे.

तळटीप

मी दोन्ही बाजूंना थोडा त्रास देणार आहे. एचबीओची 'वॉचमेन' (२०१९, नऊ भाग, ११ एमी) ही १९८६-८७ च्या कॉमिक्सची पुढची कथा. म्हणजे नवख्याला अवघड जायला हवी. पण सुरुवात होते १९२१ च्या टल्सामधल्या कृष्णवर्णीयांच्या हत्याकांडाने. ते खरं घडलेलं आहे, आणि कॉमिक्स वाचलेल्या कितीतरी लोकांनाही ते माहीत नव्हतं. पहिल्याच दृश्यात दिग्गज आणि नवखे एका रेषेत.

मग मूळ कॉमिक्सचा राक्षसी स्क्विड. न्यूयॉर्कवर पडून लाखो माणसं मारणारा प्राणी, सांगायलाही हास्यास्पद. मालिका तो समजावत बसत नाही. पाचव्या भागात १९८५ च्या जत्रेतला एक मुलगा आरसेमहालात असतो म्हणून वाचतो आणि बाहेर येतो तर सगळीकडे प्रेतं. आज तो पोलीस आहे, घरात धोक्याची घंटा बसवून स्वतःच तालीम करतो, टोपीला आतून चकाकतं अस्तर लावून हिंडतो. स्क्विड काय होता हे नवख्याला पुरतं कळत नाही. त्या टोपीवरून त्याने माणसाचं काय केलं ते कळतं.

इथवर रात्रपाळी खूश असतील. पण सहावा भाग. हूडेड जस्टिस हा मूळ कथेतला पहिला मुखवटेधारी. तो कोण हे कॉमिक्सने कधीच पक्कं सांगितलं नाही, आणि वाचकांनी इतकी वर्षं मुखवट्याखाली गोरा माणूसच धरला होता. मालिका म्हणते, तो टल्सातून वाचलेला कृष्णवर्णीय पोरगा, आणि गळ्यातला फास त्याच्या स्वतःच्या गळ्यात अडकवला गेलेला. नवख्याला ही एक जबर कथा वाटते. वाचकाचं स्वतःचं गृहीतक उघडं पडतं. तो धक्का नवख्याला मिळूच शकत नाही, कारण त्याने काही गृहीत धरलेलंच नव्हतं. तेव्हा 'निम्मं' नसेल, पण एक मजला कमी हे मान्य करावं लागेल.

रात्रपाळी

मजला कमी, मान्य. घर पूर्ण होतं एवढंच म्हणतोय.

अर्धविराम

आणि मुळात 'नवखा' तरी कुठे उरलाय? 'द बॉईज' बघा. त्यातला दुष्ट सुपरहिरो होमलँडर, त्याच्या अंगावर झेंड्याची झूल आणि ते जाहिरातीतलं हसू दिसताक्षणी त्याची भीती वाटते, कारण सुपरमॅन कसा वागतो हे अंक न वाचता सगळ्यांच्या अंगी मुरलंय. गार्थ एनिस आणि डॅरिक रॉबर्टसन यांचं कॉमिक्स (२००६-१२) हातात न घेतलेला प्रेक्षकही त्या टवाळीसाठी पूर्ण तयार असतो. शिवाय बदल हुशारीने केलाय. सुपरहिरोंशी लढणारी ती 'बॉईज' टोळी कॉमिक्समध्ये स्वतःच औषध टोचून ताकदवान झालेली असते, मालिकेत सुरुवातीला साधी, मोडणारी हाडं असलेली माणसं आहेत. त्यामुळे होमलँडर खोलीत आला की आपलाच श्वास अडकतो.

खडूस_काकू

हे पटलं. आता माझी आवडती: 'द पेंग्विन' (२०२४). आठ भाग, बॅटमॅन औषधालाही नाही, शेवटी आकाशात दिवा तेवढा. पेंग्विनचं मूळ नाव ऑसवाल्ड कॉबलपॉट, त्याचं ऑझ कॉब करून टाकलंय. चौथा भाग जवळजवळ सगळा माफिया घराण्यातल्या सोफिया फाल्कोनचा: बापाने खुनांचा आळ घालून तिला वेड्यांच्या इस्पितळात कशी डांबली, आणि बाहेर आल्यावर पिवळा गाऊन घालून, तोंडावर गॅसचा मुखवटा चढवून ती जवळजवळ सगळ्या नातेवाइकांचा हिशेब कसा चुकता करते. गॉथम नावाचं शहर आहे हेही माहीत नसलं तरी चालतं. कुणाला सुरुवात करायची असेल तर मी हीच सांगेन.

पानपलट

मग पेंग्विन नाव तरी कशाला ठेवलं? सरळ माफियाची मालिका काढायची.

खडूस_काकू

त्या नावाशिवाय एवढा पैसा कुणी घातला नसता. यात लपवायचं काय आहे?

पानपलट

म्हणजे भांडवल आमच्या अंकांचं आणि वाहवा 'कॉमिक्सची गरजच नाही' याची. छान आहे. सोफिया मूळ कुठली ते बघायचं असेल तर 'द लाँग हॅलोविन' वाचा, १९९६-९७, तेरा अंक. मागचं काहीही माहीत नसलं तरी चालतं.

रात्रपाळी

तेराच आहेत ना? मग मागवतो.