‘झडती’ म्हणायची का द्यायची? आणि ‘ध्रुवीकरण’ले आपला शब्द कोणता?

पराटी:
नमस्कार मंडळी, एक शब्द विचारायचा आहे पण नुसता शब्द विचारून भागणार नाही, मागचं थोडं सांगावं लागते. मी यवतमाळ जिल्ह्यातली, कापूस-सोयाबीनचं गाव आमचं. पोळ्याले तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या म्हणतात हे इकडच्या लोकांना सांगायला नको, पण पुण्या-कोल्हापूरकडचे वाचक आहेत म्हणून सांगते. झडती म्हणजे दोन-चार ओळींचं यमक जुळवलेलं बोलणं, सगळ्या गावासमोर, मोठ्या आवाजात, आणि शेवटी ‘एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव’. त्यात देव असतो, बैल असतो आणि भाव असतो, म्हणजे कापसाचा भाव, खताची लिंकिंग (खतासोबत नको तो मालही घ्यायला लावणं), रात्रीची वीज, सरपंच, आमदार, दिल्ली, सगळंच. ज्याच्यावर झडती तो बी तिथेच उभा असतो आणि हर बोला म्हणताना त्याचाही हात वर जातो.

तर आमच्या गावच्या एका पोराने मागच्याच्या मागच्या पोळ्याले स्वतः रचलेली झडती म्हटली,

‘पराटी गेली पाण्यात, सोयाबीन गेली मातीत,
टीव्हीवाला इचारते, तू कोणत्या पार्टीत?’

पराटी म्हणजे आमच्याकडची कपाशी. लोकांनी लय दाद दिली. कोणीतरी मोबाईलवर घेतलं होतं, संध्याकाळपर्यंत तालुकाभर फिरलं. तिसऱ्या दिवशी एका यूट्यूब चॅनेलवाल्याने ‘शेतकऱ्याच्या पोराने सरकारला धुतलं’ लिहून टाकलं, दुसऱ्याने तोच व्हिडिओ ‘पोळ्यात राजकारण, परंपरेचा अपमान’ म्हणून टाकला, आणि दुसरी ओळ कापली. पहिल्याच्या खाली लोक त्याला वाघ म्हणून राहिले, दुसऱ्याच्या खाली विकला गेलेला, देशद्रोही, काय काय. मी दोन्हीकडचे कमेंट एका बैठकीत वाचले, सोयाबीनबद्दल एकाने बी लिहिलं नव्हतं. मग पोलीस ठाण्यातून निरोप आला, येऊन जा म्हणून. गुन्हा काही लागला नाही, दोन तास बसवलं, मोबाईल पाहिला, समज दिली आणि सोडलं. घरी आला तर त्याची आजी म्हणे, ‘झडती म्हनाले गेलता, झडती देऊन आला.’

तेव्हापासून हा शब्द मले खुपून राहिला. पोळ्याची झडती आणि पोलिसाची झडती एकच शब्द आहे का दोन? आणि पेपरात ज्याला ‘माध्यमांचे ध्रुवीकरण’ लिहितात त्याला आपल्याकडे काय म्हणायचं, कारण झालं ते हेच झालं पण आमच्या पानठेल्यावर हा शब्द मी कधी ऐकला नाही.

धुऱ्यावरून:
ताई, आधी झडती. माझ्या मते दोन्हीच्या मुळाशी झडणे-झाडणे आहे. कपडा झाडला की आत लपलेलं खाली पडते, त्यावरून अंगझडती, घरझडती, झाडाझडती. दुसरीकडे झडणे म्हणजे एकामागून एक पडत राहणे. आपल्याकडे पाऊस थांबतच नाही तेव्हा ‘झड लागली’ म्हणतो, नौबत झडते, फैरी झडतात, पेपरवाले तर ‘चर्चा झडली’ बी लिहितात. पोळ्याची झडती या दुसऱ्या घरातली वाटते, एकाची संपली की दुसऱ्याची सुरू. हे माझं वाटणं आहे, व्युत्पत्ती म्हणून कोणी छापू नका.

पण खरा फरक पाहायचा तर क्रियापद पाहा. पोळ्याची झडती ‘म्हणतात’. पोलिसाची झडती ‘घेतात’ आणि समोरच्याला ती ‘द्यावी’ लागते. आजीबाईने एका वाक्यात दोन्ही क्रियापदं बरोबर ठेवली. व्याकरण याच्यापेक्षा चांगलं कोण शिकवते.

मोडीची पेटी:
यात तिसरी भर. जुन्या मोडी कागदात झडती हा हिशेबाचाही कागद असतो. वर्षाच्या सुरुवातीला अंदाजाने बांधतात तो अजमास आणि प्रत्यक्ष जमाखर्च झाल्यावर निघते ती झडती. म्हणजे तोंडाने सांगितलेलं एक, झडतीत निघालं ते खरं. मले तर पोळ्याची झडती याच्याच जवळची वाटते. निवडणुकीतलं बोलणं अजमास, आणि तोरणाखाली शेतकरी म्हणते ती त्याची झडती. शास्त्र काय म्हणते ते म्हणो, अर्थ मात्र तंतोतंत बसते.

खारपाणपट्टा:
अकोल्याकडून. ध्रुवीकरणासाठी आमच्या गावात सरळ ‘दोन पार्ट्या पडल्या’ म्हणतात. म्हातारे ‘दोन तट पडले’ म्हणतात. तट म्हणजे नदीचा काठ, आणि दोन काठ कधी भेटत नाही. मस्त शब्द असताना ध्रुव कायले पाहिजे?

जुनी वही:
तट, दुफळी, पार्ट्या हे सगळे शब्द मलाही जवळचे आहेत दादा, पण त्यांच्यात एक कमी आहे. तट ‘पडतात’. दुफळी ‘माजते’. जसं भिंतीला ऊन-पावसाने भेग पडावी तसं, कोणी केलं हे वाक्यात येतच नाही. मी निवृत्त शिक्षिका, संस्कृत शिकवायची, म्हणून थोडं लांबण लावते.

ध्रुवीकरणमधला जो ‘ई’ आहे ना, तो संस्कृतातल्या च्वि प्रत्ययाचा. जे आधी तसं नव्हतं ते तसं करणे, असा त्याचा नेमका अर्थ, व्याकरणात याला अभूततद्भाव म्हणतात. शुक्लीकरण म्हणजे जे पांढरं नव्हतं ते पांढरं करणे. तर ध्रुवीकरण म्हणजे जे ध्रुव नव्हते त्यांना ध्रुव करणे! शब्द इंग्रजीवरून पाडला हे खरं, पण पाडताना त्यात ही साक्ष आपोआप आली आहे की माणसं मुळात दोन टोकांना उभी नव्हती, कोणीतरी नेऊन उभी केली. त्या पोराची सोयाबीन मातीत गेली होती, तो कोणत्याच टोकाला नव्हता, दोन मथळ्यांनी त्याला दोन टोकांना बांधलं. म्हणून माझी विनंती, शब्द ठेवा, पण ‘ध्रुवीकरण झालं’ असं लिहू नका, ‘अमक्याने ध्रुवीकरण केलं’ असं लिहा. करण आहे तिथे कर्ता पाहिजे.

अजून एक. ध्रुव म्हणजे अढळ, स्थिर, आपण लग्नात नवरीला ध्रुवतारा दाखवतो तो याच अर्थाने. आणि माध्यम शब्दात मध्य आहे. ज्याने मध्ये उभं राहून इकडचं तिकडे पोचवायचं तेच एका टोकाला जाऊन उभं राहिलं तर त्याला माध्यम तरी का म्हणावं, हा प्रश्न मला रोज संध्याकाळी नऊच्या चर्चेला पडतो. चौकटीत आठ माणसं असतात, सगळी एकदम बोलतात, आणि शेतीवर बोलायला त्यात शेतकरी नसतो.

वैनगंगेकाठी:
गडचिरोली जिल्ह्यातून लिहितो. तुम्ही सगळे बरोबर बोलून राहिले पण आमच्याकडच्या दोन शब्दांचं वजन सांगतो. एक ‘नक्षलवादी’. टीव्हीवर वाद घालताना समोरच्याला अर्बन नक्षल म्हणून टाकतात, शहरातल्या माणसाला ती शिवी वाटते. आमच्याकडे त्या शब्दाने माणसाचं घर उठते. दुसरा ‘खबऱ्या’. पोलिसांचा खबऱ्या म्हणून नक्षल्यांनी इथे किती जणांना मारलं, सकाळी रस्त्यावर प्रेत आणि सोबत चिठ्ठी. खबर म्हणजे बातमी, त्यावरूनच खबऱ्या. ज्या जिल्ह्यात बातमी सांगणारा या नावाने मारला गेला तिथे लोक पानठेल्यावर बी दोन्ही बाजूले पाहून बोलतात. माझे वडील आजही कोणी राजकारणाचं विचारलं तर पावसाचं बोलतात.

शिक्का हा शब्द यात घ्या. ‘शिक्का बसणे’. धुळ्याकडे राईनपाड्याला १ जुलै २०१८ ला पाच जणांना जमावाने मारलं, भिक्षा मागणारे गरीब लोक होते, मंगळवेढ्याकडचे. त्यांच्यावर शिक्का बसला तीन शब्दांचा, ‘मुलं पळवणारी टोळी’, आणि ते तीन शब्द मोबाईलवरून आले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एकावेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं केलं.

बाररूमचा बाक:
कायद्याच्या मराठीचं थोडं. पराटीताई, त्या पोराला ‘देशद्रोही’ लिहिलं असं तुम्ही सांगितलं. कायद्यात ज्याच्यावर एवढी वर्षं खटले चालले तो शब्द ‘राजद्रोह’, जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम १२४अ. टिळकांवर १९०८ साली खटला झाला तो राजद्रोहाचा, सहा वर्षं मंडालेला गेले. त्यांना देशद्रोही कोण म्हणेल? राज म्हणजे राज्य करणारा, देश म्हणजे आपण सगळे. या दोन शब्दांची अदलाबदल झाली की भावाबद्दल तक्रार करणारा शेतकरी बी देशाच्या विरोधात जाऊन बसते. सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये १२४अ थांबवून ठेवलं आणि १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी नवीन भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात राजद्रोह हा शब्द नाही, पण कलम १५२ आहे, सार्वभौमत्व आणि एकतेला धोका आणण्याबद्दलचं, ते वाचून घ्या.

दुसरा शब्द ‘तेढ’. दोन समाजांत तेढ निर्माण करणे, पूर्वी १५३अ, आता कलम १९६, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. तेढ म्हणजे वाकडेपणा, पीळ. हा शब्द मला ध्रुवीकरणापेक्षा गावातला वाटतो आणि यात ‘घालणारा’ दिसतो बी.

आणि लोक अजून आयटी कायद्यातल्या कलम ६६अ ची भीती घालतात. २०१२ मध्ये पालघरला बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून एका मुलीला आणि ते लाईक केलं म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक झाली होती, ते हे कलम. श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं. ग्रुप अ‍ॅडमिन असाल तर आपल्या नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निकाल आहे, गोंदिया जिल्ह्यातलंच प्रकरण, सदस्याने काही लिहिलं म्हणून नुसता अ‍ॅडमिन आहे एवढ्यावरून गुन्हेगार ठरत नाही, आधीपासून संगनमत दिसलं पाहिजे. पण एक खरं सांगतो, निकाल मिळेपर्यंत ज्या तारखा कराव्या लागतात, बस, वकील, बुडालेली मजुरी, ती भीती कोणत्या कलमात नाही आणि ती रद्दही होत नाही. ‘ठाण्यात येऊन जा’ या तीन शब्दांनी जे होते ते शिक्षेने बी होत नाही.

खडू-फळा:
मी जिल्हा परिषदेत मास्तर, मी फक्त वाचतो. जुलै २०२५ ला शासनाने कर्मचाऱ्यांच्या सोशल मीडियाबद्दल निर्णय काढला, सरकारच्या धोरणावर टीका करता येत नाही. त्यामुळे माझ्याकडून एकच, निव्वळ शब्दाचं. ‘व्यक्त होणे’ हा शब्द आजकाल फार चालते, ‘यावर व्यक्त व्हा’ म्हणतात. जुन्या मराठीत मत ‘मांडतात’. मांडायला समोर कोणीतरी बसलेलं पाहिजे, पंगत मांडतो तसं. व्यक्त एकटाच होता येते, खोलीत, रात्री दोन वाजता.

पराटी:
सगळ्यांचे आभार, मी दोन दिवस वावरात होते म्हणून उशीर. गुरुजी, तुमचं मांडणे आणि व्यक्त होणे वाचून मले पोळ्याचं उत्तर सापडल्यासारखं झालं. तोरणाखाली ज्याच्यावर बोलते तो समोर असते, त्याला बी उलट झडती म्हणता येते, आणि तोरण तुटलं की बोलणं तिथेच संपते, बैल घरोघरी पूजेले जातात. नागपूरच्या मारबतीत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुतळ्यांची मिरवणूक निघते त्यात बी हेच, बडग्याच्या (पुतळ्याच्या) गळ्यात वर्षभराचा राग लिहून टांगतात आणि ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत जाळून टाकतात. व्हिडिओचं तसं नाही, त्या पोराची ती बारा सेकंदं अजून कोणीतरी फिरवून राहिलं.

जुनी वहीवाल्या बाईंचं ‘करण आहे तिथे कर्ता पाहिजे’ मी वहीत लिहून ठेवलं. गावात बोलताना मात्र मी तट आणि तेढच वापरणार, तट पडले नाही, पाडले, असं. वैनगंगेकाठचे दादा, तुमच्या वडिलांचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

मागच्या वर्षी आमच्या पोळ्यात नवीन झडती कोणी म्हटलीच नाही, जुन्या पाठ असलेल्याच चालल्या. यंदा तो पोरगा म्हणते मी म्हणणार. त्याची माय नाही म्हणते, मी तिच्याजवळ बसून आली, ती चूक नाही, एकुलता आहे तो. पण त्याने मले विचारलं, काकू, ‘तट’ले यमक सांगा.

धुऱ्यावरून:
ताई, घाईत सुचलं ते देतो, त्याने घासून घ्यावं,

‘पांदण एक, पाणी एक, कायचे पाडता तट,
माया बैलाले इचारा, कोनाची मोठी वट.’

खारपाणपट्टा:
‘कायचे’ नको, ‘काहून’ घ्या, आमच्याकडे तेच म्हणतात आणि ठेका बी बसते.

पराटी:
‘काहून पाडता तट’. हो, हे तोंडात बसते. पाठवते त्याले. ‘वट’ थोडा अडून राहिला, दुसरं सुचलं तर कळवा, अमावास्येपर्यंत वेळ आहे.