लायसन्स : 'सी' की 'एस'?

मसुदाकार :
घरभाड्याच्या 'लिव्ह अँड लायसन्स' कराराचा मराठी अनुवाद माझ्याकडे आला आहे आणि सोबतचा इंग्रजी मसुदाही छपाईपूर्वी एकदा नजरेखालून घालायचा आहे. मूळ मसुद्यात 'लायसन्स' सर्वत्र 'एस'ने लिहिलेले होते; मुद्रितशोधकांनी ते चूक ठरवून 'सी' केला, तर वकिलांनी 'सी' पाहताच पुन्हा 'एस' करून मसुदा परत पाठवला. दोघेही अनुभवी आहेत आणि दोघेही ठाम आहेत. जाणकारांनी निवाडा करावा.

व्याकरणनिष्ठ :
मुद्रितशोधक बरोबर आहेत. भारतात आपण ब्रिटिश वळण पाळतो आणि त्यात नामाला 'सी', क्रियापदाला 'एस' असा भेद आहे. 'अॅडव्हाइस' आणि 'अॅडव्हाइझ' यांत तो भेद कानाला कळतो. 'लायसन्स' आणि 'प्रॅक्टिस' यांत कळत नाही, म्हणूनच गोंधळ होतो. वकिली करणे हे क्रियापद 'एस'ने आणि वकिली हे नाम 'सी'ने लिहावे. अमेरिकेत मात्र 'लायसन्स' दोन्ही अर्थांनी 'एस'ने आणि 'प्रॅक्टिस' दोन्ही अर्थांनी 'सी'ने लिहितात, त्यामुळे तिकडे पाहून नियम बसवू पाहणाऱ्याची फसगत ठरलेली आहे.

जुना दप्तरी :
नियम ठीक आहे, पण कायद्याचा कागद कायद्याच्या भाषेत असतो. १८८२च्या इंडियन ईझमेंट्स अॅक्टमध्ये, ज्याच्या कलम ५२वर हा सगळा 'लिव्ह अँड लायसन्स'चा डोलारा उभा आहे, ते नाम 'एस'नेच छापलेले आहे. याउलट १९८८च्या मोटार वाहन कायद्यात 'ड्रायव्हिंग लायसन्स'ला 'सी' आहे. म्हणजे एकाच माणसाच्या खिशातल्या परवान्याला 'सी' आणि कपाटातल्या भाडेकराराला 'एस', असे असू शकते आणि दोन्ही बरोबर असतात. 'जजमेंट'चेही तसेच आहे. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत त्यात 'जी'नंतर 'ई' नाही, आणि तो घालणारा नवशिका कारकून वरिष्ठांची बोलणी खातो.

मराठीप्रेमी :
मुळात मराठी माणसाने या 'सी' आणि 'एस'च्या वादात पडावेच का? 'अनुज्ञप्ती' हा शासनमान्य शब्द आहे, तो वापरावा.

जुना दप्तरी :
अनुज्ञप्ती काढायला कोणी जात नाही. लोक लायसन्स काढतात, नाहीतर परवाना काढतात. आणि इंग्रजी मसुद्यात अनुज्ञप्ती कशी लिहिणार?

मराठीप्रेमी :
'परवाना' तरी आपला कुठे आहे, तो फारसी आहे. फारसीत त्याचा दुसरा अर्थ दिव्यावर झेपावणारा पतंग. परक्या शब्दांना घरात घेतले की त्यांच्या स्पेलिंगची भांडणेही घरात येतात, एवढेच मला म्हणायचे आहे.

व्याकरणनिष्ठ :
तीनशे वर्षे मराठी दप्तरात वावरलेल्या शब्दाला आता परका म्हणणे हा हट्ट आहे. आणि ऱ्हस्व-दीर्घावरून आपण जेवढे भांडलो आहोत, तेवढे इंग्रजही भांडले नसतील.

सातासमुद्रापार :
मी न्यू जर्सीत राहतो. माझ्या मुलीने आजोबांच्या वहीत पाहून 'कलर'मध्ये 'यू' घातला, तर शिक्षिकेने तो खोडला. हे नोआ वेब्स्टर यांचे देणे आहे. त्यांच्या १८२८च्या कोशाने अमेरिकेत 'कलर'चा 'यू' काढला आणि 'सेंटर'च्या शेवटी 'ई आर' रुजवला. मात्र 'टंग' आणि 'विमेन' ही स्पेलिंगेही त्यांना उच्चाराबरहुकूम करायची होती, ती लोकांनी साफ झिडकारली. ब्रिटिश आणि अमेरिकी अशी सरळ फाळणीही खरी नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या इंग्रजी नावात 'लेबर'ला ब्रिटिश 'यू' आहे आणि 'ऑर्गनायझेशन'ला 'झेड'. तो 'झेड' अमेरिकी वाटतो, पण ऑक्सफर्डच्या कोशालाही तोच पसंत आहे.

पाटीवाचक :
आमच्या पेठेत वह्या-पेनांच्या दुकानावरील इंग्रजी पाटीत 'स्टेशनरी'ला 'ई'च्या जागी 'ए' आहे, म्हणजे दुकान स्थिर आहे असा अर्थ होतो. रेल्वे स्टेशनाजवळ अशी दुकाने असत, म्हणून हे नाव पडले असे आमचे आजोबा सांगत.

व्याकरणनिष्ठ :
आजोबांचा मान राखून सांगतो, रेल्वेच्या कितीतरी आधीचा हा शब्द आहे. फिरत्या विक्रेत्याच्या उलट, एका जागी दुकान मांडून बसणारा तो 'स्टेशनर', आणि तो विकतो ती स्टेशनरी. तेव्हा पाटीवरचा 'ए' चूक असला, तरी व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो अगदीच परका नाही.

मसुदाकार :
स्टेशनरीची माहिती उपयुक्त आहे, परंतु मसुदा उद्या छपाईला जायचा आहे. शिवाय संगणकाची भाषा अमेरिकी इंग्रजीवर असल्यामुळे 'सी' लिहिला की शब्दाखाली लाल रेघ येते, आणि वकील ती रेघच पुरावा म्हणून दाखवतात.

जुना दप्तरी :
लाल रेघेला कायद्यात स्थान नाही. करारात कलम ५२चा उल्लेख असेल तर 'एस' ठेवा आणि मुद्रितशोधकांना तो अधिनियम दाखवा.

व्याकरणनिष्ठ :
मी सहमत नाही. एका जुन्या अधिनियमातील वळण आजच्या लेखनाला बांधून घालू शकत नाही.

पाटीवाचक :
जाता जाता विचारतो, कापड मोजायचा 'मीटर' आणि विजेचा 'मीटर' यांचे स्पेलिंग वेगळे असते का?

सातासमुद्रापार :
ब्रिटिश वळणात असते; मापाच्या शेवटी 'आर ई' आणि यंत्राच्या शेवटी 'ई आर'. अमेरिकेत दोन्हींना 'ई आर'च.