मदत हवी आहे: मला बर्लिनची नोकरी, बायकोचा व्हिसा आधी की नंतर?
नमस्कार मंडळी. 2016 च्या मार्चमध्ये ब्रिटिश पासपोर्ट घेतला, युरोपात कुठेही नोकरी करता यावी म्हणून. जूनमध्ये ब्रेक्झिटचं मतदान! 31 डिसेंबर 2020 ला तो हक्क संपला. त्याआधी जर्मनीत राहिलो नसल्याने ब्रेक्झिट कराराचं संरक्षणही नाही.

आता बर्लिनची ऑफर आहे, पगार ब्लू कार्डच्या (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा राहण्याचा-कामाचा परवाना) अटीत बसतो. मी व्हिसाशिवाय जाऊन तिथेच अर्ज करू शकतो, परवाना मिळेपर्यंत काम करायचं नाही, एवढं कळलंय. घोडं अडलंय ते बायकोपाशी. ती लंडनला माझ्याबरोबरच राहते, पण पासपोर्ट भारतीय, म्हणजे व्हिसा आधीच हवा. कंपनीच्या वकिलाला दोनदा विचारलं, उत्तर 'बघतो'. मुलं नाहीत, रुजू व्हायला तीन महिने आहेत.

तिचा अर्ज लंडनहून आत्ताच करता येतो, की माझं कार्ड हातात येईपर्यंत थांबावं लागतं?