बाबांच्या अकाउंटवर विकत घेतलेली गाणी माझ्या अकाउंटवर कशी न्यायची?

निवांत_पाखरू:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमच्या घरात सुरुवातीपासून एकच ॲपल अकाउंट होतं, बाबांचं. आयपॉडच्या काळापासून सगळ्यांनी गाणी त्यावरच घेतली, म्हणजे बाबांची शास्त्रीय, आईची भावगीतं, माझं आणि दादाचं जे काय त्या त्या वयात चालू होतं ते, सगळी खिचडी एकाच लायब्ररीत. आता प्रत्येकाचा फोन वेगळा, अकाउंट वेगळं. पण माझी गाणी सगळी बाबांच्या नावावर अडकलीत आणि वाढदिवसाला मिळालेली गिफ्ट कार्डं मी त्यांच्या अकाउंटवर टाकून घेतलेली आहेत हो ती, म्हणजे पैसे माझेच!

तर मला माझ्यापुरती गाणी माझ्या अकाउंटवर हवीत, बाबांची त्यांच्याकडे राहू देत. सध्या माझ्या फोनवर बाबांच्या आयडीने साइन इन करून उतरवायचा विचार होता पण दादा म्हणतो नको, काहीतरी लॉक होतं. तोच दादा म्हणतो सगळं एमपी३ मध्ये कन्व्हर्ट कर म्हणजे कटकट मिटेल. आणि काही अगदी जुनी गाणी आहेत ती माझ्या मॅकवर कॉपी करून बघितली तर वाजवायला बाबांचा पासवर्ड मागतात, बाकीची मुकाट्याने वाजतात. असं का?

मूळ लायब्ररी बाबांच्या विंडोज लॅपटॉपवर आयट्यून्समध्ये आहे. प्लेलिस्टसुद्धा आल्या तर सोन्याहून पिवळं.

खटपट_चालू:

अकाउंटवरून अकाउंटवर खरेदी हलवायची हा विचार आधी डोक्यातून काढा. निवडक गाणी उचलून दुसऱ्या माणसाच्या अकाउंटला जोडायची अशी सोयच नाहीये. पण तुम्हाला त्याची गरजही नाही, कारण तुम्हाला गाणी हवीत, खरेदीची नोंद नकोय. आणि गाणं म्हणजे शेवटी फाइल आहे, फाइल कॉपी होते.

पासवर्डचं कोडं सोपं आहे. आयट्यून्स स्टोअर २००३ ला सुरू झालं तेव्हा गाण्यांना कुलूप असायचं, डीआरएम, ॲपलच्या कुलपाचं नाव फेअरप्ले. ज्या अकाउंटवर घेतलं त्याने ऑथोराइझ केलेल्या, म्हणजे परवानगी दिलेल्या कॉम्प्युटरवरच वाजणार, आणि असे कॉम्प्युटर एका अकाउंटला सुरुवातीला तीन, २००४ पासून जास्तीत जास्त पाच. २००७ मध्ये काही गाणी बिनकुलपाची मिळायला लागली आणि २००९ मध्ये स्टोअरमधल्या सगळ्याच गाण्यांचं कुलूप गेलं. म्हणजे तुमची जी मुकाट्याने वाजतात ती नंतरची, रुसणारी आधीची.

ओळखायचं कसं, तर आयट्यून्समध्ये गाण्यांच्या यादीत वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून काइंड नावाचा कॉलम चालू करा. 'पर्चेस्ड एएसी' (एएसी म्हणजे ॲपल गाणी ज्या प्रकारच्या फाइलमध्ये विकतं तो प्रकार) लिहिलं असेल तर मोकळं, फाइलचं शेपूट एम४ए. 'प्रोटेक्टेड एएसी' असेल तर कुलूपवालं, शेपूट एम४पी. त्या कॉलमवर क्लिक केलं की सगळी रुसलेली एका जागी गोळा होतात.

आता या जुन्यांवर उपाय. बाबांच्याच लॅपटॉपवर, बाबांच्याच आयडीने, ते गाणं लायब्ररीतून डिलीट करून पर्चेस्ड यादीतून परत उतरवायचं. स्टोअरमध्ये अजून उपलब्ध असेल तर बहुतेक वेळा नवी बिनकुलपाची २५६ केबीपीएसची फाइल येते, जुनी १२८ ची होती, म्हणजे आवाजही सुधारतो. पण डिलीट करण्याआधी जुन्या फाइलची कॉपी बाजूला काढून ठेवा, हे दोनदा वाचा, कारण ते गाणं कंपनीने स्टोअरमधून काढलं असेल तर परत उतरत नाही आणि मग हातचंही जातं. अशी जी उरतील ती ऑडिओ सीडीवर बर्न करून परत रिप करायची, म्हणजे सीडीवरून पुन्हा कॉम्प्युटरवर घ्यायची, तेवढी परवानगी त्या कुलपात पहिल्यापासून होती. आवाजात थोडा फरक पडेल, पण गाणं राहील.

रात्रपाळीवाला:

एवढा उपद्व्याप कशाला? फॅमिली शेअरिंग चालू करा की. २०१४ पासून आहे, एक ऑर्गनायझर आणि बाकीचे पाच, असे सहा जण. पर्चेस शेअरिंग ऑन केलं की बाबांनी घेतलेली गाणी तुमच्या फोनवर तुमच्याच आयडीने उतरवता येतात, आयट्यून्स स्टोअर ॲपमध्ये पर्चेस्डमध्ये जा, बाबांचं नाव दिसेल त्यावर टॅप करा, झालं. ना केबल ना फोल्डर.

खटपट_चालू:

@रात्रपाळीवाला बरोबर आहे पण त्याला दोन शेपट्या आहेत त्या सांगायला हव्यात. एक, पर्चेस शेअरिंग ऑन असताना पुढे घरातला कोणीही जे घेईल त्याचं बिल ऑर्गनायझरच्या कार्डावर जाऊ शकतं. दादाने मध्यरात्री गेम घेतला तरी बाबांच्या कार्डावर. दोन, सगळ्यांच्या अकाउंटचा देश एकच पाहिजे. आणि मुळात गाणी बाबांच्याच नावावर राहणार, तुम्ही फक्त त्यांच्या कपाटातून घेताय. उद्या ते अकाउंट काही कारणाने बंद पडलं किंवा तुम्ही ग्रुपमधून बाहेर पडलात की परत उतरवायची वाट बंद.

पण उतरवायला एकदा वापरायला अगदी छान आहे. उतरवा, कॉम्प्युटरवर फाइल ठेवा, मग शेअरिंग ठेवा नाहीतर मोडा.

दादा ज्या लॉकबद्दल म्हणतोय ते खरं आहे. दुसऱ्याच्या आयडीने आपल्या फोनवर जुनी खरेदी उतरवली की तो फोन त्या अकाउंटला जोडला जातो आणि मग ९० दिवस दुसऱ्या अकाउंटला जोडता येत नाही, म्हणजे तेवढे दिवस तुमची स्वतःची जुनी खरेदी त्या फोनवर उतरणार नाही. त्यामुळे बाबांच्या आयडीने फोनवर साइन इन अजिबात नको.

एमपी३ बद्दल मात्र दादाचं ऐकू नका. एएसी हीच आधीच आकसलेली फाइल, तिला परत आकसून एमपी३ करायची म्हणजे उसाच्या चिपाडातून परत रस काढण्यासारखं. एएसी आता जवळजवळ सगळीकडे वाजतं. खूपच जुना एमपी३ प्लेअर किंवा गाडीतला जुना स्टिरिओ असेल तर त्याच्यापुरती वेगळी कॉपी करा, मूळ फाइल तशीच ठेवा.

बिचारा_वाचक:

मध्येच विचारतो, ॲपलने खरेदी एका अकाउंटवरून दुसऱ्यावर हलवायची सोय सुरू केली असं वाचलं होतं की, मग नाही कसं म्हणताय?

खटपट_चालू:

सुरू केली ना, २०२५ च्या फेब्रुवारीत. पण ती एकाच माणसाची दोन अकाउंट असतील त्याच्यासाठी आहे, म्हणजे आयक्लाउड एका आयडीवर आणि खरेदी जुन्या दुसऱ्या आयडीवर अशी ज्यांची विभागणी झालीये ते लोक. त्यात निवड नाही, सगळीच्या सगळी खरेदी जाते आणि जुनं अकाउंट खरेदीसाठी नंतर वापरता येत नाही. बाबांचं अख्खं दुकान रिकामं करून पोरीच्या नावावर, असं होईल ते! शिवाय आली तेव्हा भारत, यूके आणि युरोपियन युनियनमध्ये ती दिलीच नव्हती. या प्रश्नाला तिचा उपयोग नाही.

वकीलबाई_ऑनलाइन:

थोडं रुक्ष बोलते. 'माझ्या पैशाने घेतलं' हे नैतिकदृष्ट्या खरं असलं तरी स्टोअरच्या अटींमध्ये आपण गाणं विकत घेत नसतो, ऐकायचा परवाना घेत असतो, तोही वैयक्तिक वापरासाठी आणि तो अकाउंटधारकाच्या नावावर असतो. सीडी जशी दुसऱ्याला देऊन टाकता येते तसं डिजिटल फाइलचं नाही हे अमेरिकेत रेडीजी नावाच्या कंपनीच्या खटल्यात स्पष्ट झालंय. वापरलेली गाणी पुढे विकायची त्यांची वेबसाइट होती, कॅपिटल रेकॉर्ड्सने दावा लावला, २०१३ मध्ये खालच्या कोर्टात आणि २०१८ मध्ये अपिलात रेडीजी हरली. मुद्दा एवढाच होता की फाइल पाठवताना ती हलत नाही, नवीन कॉपी तयार होते.

घरातल्या घरात ऐकण्यासाठी फॅमिली शेअरिंग ही स्टोअरने स्वतः दिलेली वाट आहे, म्हणून मी म्हणेन की ती चालू करूनच उतरवा, म्हणजे तुमच्याकडच्या कॉपीला आधार राहतो. आणि या फाइली मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर टाकू नका. कुलूप नसलं तरी प्रत्येक फाइलच्या आत खरेदीदाराचं नाव आणि आयडीचा ईमेल लिहिलेला असतो. गेट इन्फोमध्ये फाइल टॅब उघडून बघा, बाबा तिथे बसलेले दिसतील.

अजून एक, जे कोणी बोलत नाही. आयफोनच्या आयओएस १५.२ पासून लेगसी कॉन्टॅक्ट नेमता येतो, म्हणजे माणूस गेल्यावर त्याचे फोटो, नोट्स वगैरे वारसाला मिळतात. विकत घेतलेली गाणी, सिनेमे, पुस्तकं त्यात येत नाहीत. म्हणून फाइली हार्ड डिस्कवर उतरवून ठेवणं हे बाबा ठणठणीत असतानाच करायचं काम आहे.

मंद्र_सप्तक:

वकीलबाईंशी सहमत. आणि हे फक्त ॲपलपुरतं नाही. गुगल प्ले म्युझिक २०२० च्या डिसेंबरमध्ये बंद झालं, विकत घेतलेली गाणी यूट्यूब म्युझिकला हलवायला किंवा उतरवून घ्यायला फेब्रुवारी २०२१ पर्यंत मुदत होती, त्यानंतर डेटा पुसला गेला. ज्यांनी ईमेल वाचले नाहीत त्यांचं गेलं. मी आता नवीन काही घ्यायचं तर बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या वेबसाइटवर आहे का ते आधी बघतो, फ्लॅक म्हणजे आवाज न घटवता साठवलेली फाइल मिळते आणि फाइल कुलपाशिवाय सरळ हातात पडते. जुन्या मराठी गाण्यांसाठी त्याचा फारसा उपयोग नाही हा भाग वेगळा.

प्रत्यक्ष हलवण्याबद्दल सांगतो कारण तिथेच लोक फसतात. आधी बाबांच्या लॅपटॉपवर सगळी गाणी खरंच उतरलेली आहेत का बघा. ज्याच्यापुढे ढगाचं चित्र दिसतं ते लॅपटॉपवर नाहीच, नुसतं नाव आहे. अकाउंट मेनूत पर्चेस्ड, त्यात 'नॉट इन माय लायब्ररी' आणि सगळं उतरवा. मग फाइल मेनूत लायब्ररी, ऑर्गनाइझ लायब्ररी, कन्सॉलिडेट फाइल्स, याने इकडेतिकडे विखुरलेल्या फाइली एका मीडिया फोल्डरमध्ये गोळा होतात. त्यातली तुमची तुमची हार्ड डिस्कवर घ्या.

तुमच्या मॅकवर म्युझिक ॲपच्या सेटिंग्जमध्ये फाइल्सखाली 'कॉपी फाइल्स टू म्युझिक मीडिया फोल्डर' ची खूण आहे ना ते बघूनच मग गाणी आत ओढा. ती खूण नसेल तर ॲप फक्त हार्ड डिस्कवरचा पत्ता लिहून ठेवतं, डिस्क काढली की प्रत्येक गाण्यापुढे उद्गारचिन्ह.

प्लेलिस्टसाठी बाबांच्या आयट्यून्समध्ये प्लेलिस्ट निवडून एक्सपोर्ट करा, एक्सएमएल निवडा, आणि गाणी मॅकवर चढवून झाल्यावर इम्पोर्ट करा. विंडोजमधून मॅकवर जाताना फोल्डरचे पत्ते बदलतात त्यामुळे काही गाणी गळतात, तेवढी हाताने टाकायची तयारी ठेवा. किती वेळा ऐकलं ते आकडे आणि दिलेले स्टार हे सगळं फाइलमध्ये नसतं, लायब्ररीत असतं, ते येणार नाही.

शेवटचं, फोनवर चढवताना. ॲपल म्युझिकचं सब्स्क्रिप्शन असेल आणि सिंक लायब्ररी चालू असेल तर केबलने गाणी टाकताच येत नाहीत, ती क्लाउडमधून आपोआप येतात. सब्स्क्रिप्शन नसेल तर केबल लावून मॅकच्या फाइंडरमधून सिंक. तिथे 'इरेझ अँड सिंक' असं विचारलं तर घाईत ओके करू नका, फोनवर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून टाकलेली गाणी उडतात.

निवांत_पाखरू:

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं!! दादाला एमपी३ वालं उत्तर दाखवलं, तो गप्प आहे.

काम बरंचसं झालं. फॅमिली शेअरिंग चालू केलं, बाबांच्या लॅपटॉपवर सगळं उतरवलं, जुनी प्रोटेक्टेड वाली डिलीट करून परत घेतली तर बहुतेक सगळी मोकळी आली, थोडी आली नाहीत ती सीडीने करेन, फक्त सीडी ड्राइव्ह असलेला माणूस शोधायचाय. गेट इन्फोमध्ये खरंच बाबांचा ईमेल आहे, तो बघून बाबाच जास्त दचकले.

एकच अडलंय. मी कॉलेजमध्ये असताना घेतलेले मेटलचे दोन-तीन अल्बम पर्चेस्ड यादीत दिसतच नाहीयेत, ना लॅपटॉपवर ना माझ्याकडे. पण माझ्या जुन्या आयपॉडवर ते वाजतात, म्हणजे घेतले तर होते. स्टोअरमध्ये शोधलं तर विकायला आहेत. मग गेले कुठे?

खटपट_चालू:

कोणीतरी हाइड केले असतील. हाइड केलेली खरेदी फॅमिलीतल्या बाकीच्यांनाही दिसत नाही. बाबांच्या आयट्यून्समध्ये अकाउंट मेनू, व्ह्यू माय अकाउंट, पासवर्ड टाका, खाली हिडन पर्चेसेस आहे तिथे मॅनेज करा. अल्बमच्या शेजारी अनहाइड दिसेल.

निवांत_पाखरू:

तिथेच आहेत तिन्ही!! बाबांना विचारलं तर म्हणाले हो मीच लपवले, भीमसेनजी लावायला गेलं की यादीत आधी तो आरडाओरडा दिसायचा. अनहाइड करून उतरवतेय, झालं की परत लपवून देईन म्हटलं त्यांना.