डबल्सवाले टेनिसपटू: स्पेशालिस्ट की सिंगल्समधून गळालेले?

सेकंडसर्व्ह:
आपल्या रोहन बोपण्णाने २०२५ च्या शेवटी रॅकेट खुंटीला टांगली तेव्हा कौतुकाचा पूर आला, आणि माणूस म्हणून तो त्या कौतुकाला लायकच आहे. ४३ व्या वर्षी मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकायची आणि त्याच वेळी डबल्समध्ये जगात पहिला नंबर गाठायचा, इतक्या वयात पहिल्यांदा नंबर एक झालेला दुसरा कुणी नाही. पण मला एक प्रश्न कायम पडतो आणि विचारला की लोक अंगावर येतात. सिंगल्समध्ये ज्याची बेस्ट रँक २१३ होती तो चाळिशी उलटल्यावर डबल्समध्ये नंबर एक होतो, यात त्याचं मोठेपण किती आणि डबल्सचा दर्जा किती?

माझं मत सरळ आहे. सिंगल्समध्ये पहिल्या शंभरात टिकता आलं नाही की लोक इकडे वळतात, मोठे सिंगल्सवाले डबल्स फारसं खेळत नाहीत म्हणून यांचं चालतं. २००८ चं बीजिंग ऑलिंपिक आठवा, फेडरर आणि वावरिंका आले, सेमीफायनलला ब्रायन बंधूंना, म्हणजे डबल्सच्या नावाजलेल्या अमेरिकन जोडीला, सरळ दोन सेटमध्ये काढलं आणि गोल्ड घेऊन गेले. २०२२ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला किर्गिओस आणि कोकिनाकिस वाइल्ड कार्डवर (रँक न बघता आयोजक देतात ती थेट एंट्री) आले आणि टायटल नेलं, फायनलला समोर हाच एब्डन होता पर्सेलबरोबर. स्टेडियम भरतं सिंगल्समुळे, टीव्हीचे पैसे येतात सिंगल्समुळे, मग या करिअरला वेगळं का पोसायचं? शिव्या न देता उत्तर द्या.

पोचिंगमास्तर:
शिव्या देत नाही साहेब, पण एब्डनचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून सांगतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऐनवेळी जागा रिकामी झाली म्हणून त्याला सिंगल्समध्ये उभं केलं, समोर जोकोविच, स्कोअर ६-०, ६-१. लोकांनी यथेच्छ टिंगल केली. त्याच ऑलिंपिकमध्ये त्याच एब्डनने जॉन पिअर्सबरोबर डबल्सचं गोल्ड जिंकलं. आणि फायनलला त्यांनी हरवलं कुणाला? क्रायचेक आणि राजीव राम या अमेरिकन जोडीला, ज्यांनी क्वार्टर फायनलला नदाल आणि अल्काराझ या जोडीला घरी पाठवलं होतं. आता तुमच्या हिशोबाने हे गळालेले लोक नदाल-अल्काराझला कसे हरवतात ते सांगा.

तुम्ही टीव्हीवर फक्त बॉल बघता म्हणून असं वाटतं. आय-फॉर्मेशन कधी नीट बघा. नेटवरचा गडी सेंटर लाइनवर जवळजवळ बसलेला असतो, डोकं नेटच्या खाली, पाठीमागे हाताने सर्व्हरला खूण करतो की मी कुठे जाणार. सर्व्ह मधल्या टीवर, म्हणजे सर्व्हिस बॉक्सच्या मधल्या कोपऱ्यात, पडते, रिटर्न करणाऱ्याला अर्ध्या सेकंदात ठरवायचंय की हा डावीकडे उठणार की उजवीकडे, आणि बॉल नेटवरून जेमतेम जाऊन सर्व्हरच्या पायाशी पडला पाहिजे, कारण सहा इंच वर गेला तर नेटवरचा माणूस तो खाली मारून पॉइंट संपवतो. इथे बेसलाइनवरून जोरात टॉपस्पिन मारून भागत नाही. सिंगल्समधल्या कित्येक चांगल्या खेळाडूंना तो पायाशी आलेला बॉल हाफ-व्हॉलीवर (टप्पा पडल्या पडल्या) उचलताच येत नाही, कारण रोज सराव करतात तो वेगळ्याच फटक्यांचा.

बेसलाइनर:
मास्तर, तुम्ही एक निकाल दाखवलात, त्यांनी दोन दाखवले, असे आकडे मांडत बसलो तर २०१६ ला रिओमध्ये नदाल आणि मार्क लोपेझने गोल्ड जिंकलं तेही आहेच. (लोपेझ डबल्सवालाच, हे मान्य, तुम्ही म्हणायच्या आत म्हणून टाकतो.)

माझा मुद्दा स्किलचा नाहीये, पैशाचा आहे. स्किल तर खूप खेळांत असतं हो, पण बघणारे नसतील तर प्राइझ मनी कुठून येणार? मोठ्या स्पर्धांतसुद्धा डबल्सची फायनल अर्ध्या रिकाम्या कोर्टवर होते हे सगळ्यांनी बघितलंय. २०२५ च्या यूएस ओपनला सिंगल्स जिंकणाऱ्याला ५० लाख डॉलर, डबल्स जिंकणाऱ्या जोडीला १० लाख, म्हणजे माणशी ५ लाख. एकदशांश. ऐकायला अन्याय वाटतो पण प्रेक्षकांच्या हिशोबाने एकदशांशसुद्धा जास्तच झाला.

टायब्रेकताई:
माणशी ५ लाख वाचून डोळे दिपवू नका, ते टायटल जिंकणाऱ्याचे. पहिल्या दोन राउंडला हरणाऱ्याचं काय होतं ते बघा, प्रवास, कोच, फिजिओ सगळं स्वतःच्या खिशातून, आणि म्हणून कित्येक जोड्या एकच कोच दोघांत वाटून घेतात.

दुसरं म्हणजे या करिअरमधली खरी गोची कुणी बोलतच नाही. डबल्समध्ये रँकिंग प्रत्येकाचं वेगळं असतं पण एंट्री मिळते दोघांच्या रँकची बेरीज करून. म्हणजे मी चाळिसावी आणि माझी पार्टनर जखमी होऊन नव्वदीत घसरली तर मोठ्या स्पर्धेत आम्ही दोघीही बाहेर. मग मी काय करायचं? मैत्री सांभाळून खालच्या स्पर्धा खेळायच्या की दुसरी पार्टनर शोधायची? सीझन संपला की जोड्या फुटतात नि जुळतात त्यामागे निम्म्या वेळा भांडण नसतं, हा हिशोब असतो. त्यात एटीपीच्या (पुरुषांच्या टूरच्या) स्पर्धांमध्ये सिंगल्सच्या रँकवरही डबल्सच्या ड्रॉमध्ये घुसता येतं, आणि २५० लेव्हलच्या, म्हणजे टूरवरच्या सगळ्यात छोट्या, स्पर्धेत ड्रॉच १६ जोड्यांचा, तिथे कुणा सिंगल्सवाल्याला मॅच प्रॅक्टिस हवी म्हणून तो आला की वर्षभर डबल्स खेळणारी एक जोडी कटते. "सिंगल्सवाले डबल्स खेळत नाहीत म्हणून यांचं चालतं" हे जे वर लिहिलंय त्यात ही बाजू कुठे आहे?

आणि गळालेले म्हणताय तर क्रेचिकोव्हाचं काय? २०१८ मध्ये सिनियाकोव्हाबरोबर फ्रेंच आणि विम्बल्डन जिंकून ती आधी डबल्समध्ये नंबर एक झाली, तेव्हा सिंगल्समध्ये तिला फारसं कुणी विचारत नव्हतं. २०२१ ला त्याच पॅरिसमध्ये सिंगल्स आणि डबल्स दोन्ही, मग २०२४ ला विम्बल्डन सिंगल्स. उलटा प्रवास झाला की हा.

सेकंडसर्व्ह:
ताई, क्रेचिकोव्हा माझ्याच बाजूची साक्षीदार आहे. ज्याच्यात दम असतो तो सिंगल्समध्येही दिसतोच. बाकीचे तिथेच का राहतात?

पोचिंगमास्तर:
कारण शरीर वेगळं असतं, उंची वेगळी असते, पाच सेट पळायची ताकद वेगळी असते. बोपण्णाच्या गुडघ्यांतली कुर्चा झिजलेली होती, अय्यंगार योगावर त्याने गुडघे चालते ठेवले, त्या पायांनी सिंगल्स खेळायला सांगणं म्हणजे काहीही. पण हात आणि डोकं चाळिशीत शाबूत राहतं. नवरातिलोव्हाने २००६ ला बॉब ब्रायनबरोबर यूएस ओपनचं मिक्स्ड (एक बाई, एक पुरुष अशी जोडी) जिंकलं तेव्हा तिची पन्नाशी महिन्याभरावर आली होती. याला तुम्ही दर्जा कमी म्हणणार, मी म्हणतो या खेळात अनुभवाला किंमत आहे.

कोपऱ्यातला प्रेक्षक:
वादात पडत नाही, फक्त एक जोडी सांगतो. हॅरी हेलिओव्हारा, फिनलंडचा, दुखापतींना कंटाळून खेळ सोडला आणि हेलसिंकीच्या विमानतळावर नोकरीला लागला. हेन्री पॅटन, ब्रिटिश, विद्यार्थी असताना विम्बल्डनमध्ये कोर्टाच्या कडेला बसून मॅचचा डेटा भरायचं काम करायचा. २०२४ ला दोघांनी मिळून विम्बल्डन जिंकलं, फायनलला पहिला सेट गेला, दुसऱ्यात चॅम्पियनशिप पॉइंट वाचवले, तिन्ही सेट टायब्रेकला गेले. पुढच्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनही. सिंगल्समध्ये अशा माणसांना परतीची वाट जवळपास नसतेच.

बेसलाइनर:
छान आहे, पण भावनेवर टूर चालत नाही. २०२५ च्या यूएस ओपनने मिक्स्डचं काय केलं बघा. सिंगल्सच्या आधीच्या आठवड्यात दोन दिवसांत उरकलं, १६ जोड्या, त्यातल्या आठ सिंगल्सच्या रँकवर आणि आठ वाइल्ड कार्ड, फायनल सोडून चार गेमचे सेट. सगळे स्टार आले, संध्याकाळी मुख्य कोर्टवर, आर्थर अ‍ॅशवर गर्दी, जिंकणाऱ्या जोडीला १० लाख डॉलर, आदल्या वर्षी २ लाख होते. पाचपट! हे मिक्स्ड कधी कुणी चुकून तरी बघत होतं का आधी?

पोचिंगमास्तर:
आणि जिंकलं कोण हो?

टायब्रेकताई:
😄 थांबा मी लिहिते. सारा एरानी आणि आंद्रेया वावासोरी. आदल्या वर्षीचे विजेते, तरी वाइल्ड कार्ड घेऊन यावं लागलं. फायनलला स्विआटेक आणि कॅस्पर रूडला ६-३, ५-७, १०-६ ने हरवलं. हा फॉरमॅट जाहीर झाला तेव्हा हा अन्याय आहे असं उघड बोलणारेही हेच दोघं होते, कारण बाकीच्या नेहमीच्या डबल्सवाल्यांना दारच बंद झालं होतं.

बेसलाइनर:
ज्याला अन्याय म्हणाले त्यातूनच सगळ्यात मोठा चेक घेऊन गेले, वा! आणि एरानी २०१२ ला फ्रेंच ओपनची सिंगल्स फायनल खेळलेली आहे, तिला निव्वळ डबल्सवाली म्हणून खपवू नका.

पोचिंगमास्तर:
वावासोरीला तरी म्हणू द्या मग. समोर पाच ग्रँडस्लॅमची... नाही, विम्बल्डन धरून सहा सिंगल्स ग्रँडस्लॅम जिंकलेली मुलगी होती, आणि पॉइंट कुठे जात होते बघितलंत का? वावासोरी नेटवर नुसता सरकला तरी समोरचे रिटर्न बाहेर मारत होते.

तुमच्या पैशाच्या मुद्द्यावरही बोलतो. प्रेक्षक नाहीत म्हणता पण दाखवता कुठे? डबल्स लांबच्या कोर्टवर टाकायचं, टीव्हीवर एखादीच फायनल, आणि मग म्हणायचं कुणी बघत नाही. २००६ पासून टूरवर ड्यूस (४०-४०) झालं की एकाच पॉइंटवर गेम आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंटचा टायब्रेक, हे सगळं केलं कारण वेळ वाचला तर सिंगल्सवाले येतील. खेळाडू त्याआधी एटीपीविरुद्ध कोर्टात गेले होते. ब्रायन बंधू त्या नियमांतही जिंकत राहिले, एकत्र ११९ टायटल्स, १६ ग्रँडस्लॅम, म्हणून कुणाला फरक जाणवला नाही. पण एका पॉइंटवर गेम ठरायला लागला की जरा कमी नावाजलेल्या जोडीचं नशिबावर अवलंबून राहणं वाढतं, आणि यांचं भाडं त्या एका पॉइंटवर असतं.

सेकंडसर्व्ह:
एका पॉइंटवर गेम हा नियम मला आवडतो, निदान मॅच संपते तरी. दाखवत नाहीत म्हणून बघत नाहीत की बघत नाहीत म्हणून दाखवत नाहीत, यावर आपण सकाळपर्यंत भांडू.

टायब्रेकताई:
मग भांडू नका, एक साधी गोष्ट करा म्हणावं. सिंगल्सच्या रँकवर डबल्समध्ये एंट्री घेतली आणि सिंगल्समध्ये पुढे गेल्यावर डबल्समधून माघार घेतली, डॉक्टरांच्या कागदाशिवाय, तर पुढच्या काही स्पर्धांत ती सवलत बंद. समोरच्या जोडीला वॉकओव्हर मिळतो ते ठीक, पण ज्यांची जागा यांनी खाल्ली ते तर आधीच घरी गेलेले असतात.

सेकंडसर्व्ह:
ही अट घाला, माझी हरकत नाही. प्राइझ मनी वाढवायला मात्र आहे.