अठराव्या वर्षीचे पंचाहत्तर हजार आणि तेराव्या वर्षीची कोपी

बालाघाट (धागाकर्ता)

लेक लाडकी योजनेत 1 एप्रिल 2023 नंतर पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबात जन्मलेल्या मुलीला जन्मानंतर 5,000, पहिलीत 6,000, सहावीत 7,000, अकरावीत 8,000 आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर 75,000 रुपये मिळतात. एकूण 1,01,000 रुपयांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश रक्कम बालपण संपल्यानंतर हाती येते. माझा आक्षेप रकमेवर नसून या वेळापत्रकावर आहे.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी अठरापूर्वी लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात 21.9 टक्के, तर बीड जिल्ह्यात 43.7 टक्के होते. इतका फरक केवळ अज्ञानाने पडत नाही. बीडच्या अनेक कुटुंबांचे पोट ज्या ऊसतोडीवर चालते, तिच्यात एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची (मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराची) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीवर मिळते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडलेले कुटुंब हंगाम संपल्यावरच परतते. वयात आलेली मुलगी मागे ठेवायची तर कोणाच्या भरवशावर, आणि सोबत न्यायची तर ती उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, भाकरी थापते, धाकटे भावंड सांभाळते आणि तिची शाळा सुटते. लग्न लावून दिले की माहेरची चिंता मिटते आणि सासरी एक नवा कोयता उभा राहतो. हा हिशेब तेराव्या-चौदाव्या वर्षी होत असताना अठराव्या वर्षीचे आश्वासन काय कामाचे? सरकारने आधी या मुलीच्या हंगामातल्या राहण्या-जेवणाची हमी घ्यावी, रोख रकमेचे नंतर पाहू.

सरळव्याज

वेळापत्रकावरचा आक्षेप मला मान्य आहे, परंतु 'रोख रकमेचे नंतर पाहू' हे मान्य नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात चेरोकी आदिवासींचा कॅसिनो 1997 मध्ये सुरू झाला आणि त्याच्या नफ्यातील वाटा जमातीच्या प्रत्येक सदस्याला दर सहा महिन्यांनी मिळू लागला. त्या भागातील मुलांचा अभ्यास जेन कॉस्टेलो आणि त्यांचे सहकारी आधीपासूनच करीत होते, त्यामुळे पूर्वीची आणि नंतरची तुलना आपोआप हाती आली. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गरिबीतून वर आलेल्या घरांतील मुलांचे उद्दाम, आक्रमक वर्तन कमी झाले, आणि त्यामागचे मोठे कारण म्हणजे आईवडिलांना मुलांकडे लक्ष द्यायला वेळ मिळू लागला. आपल्या वादासाठी एक तपशील मोलाचा आहे : मुलांच्या स्वतःच्या वाट्याची रक्कम ती मोठी होईपर्यंत राखून ठेवलेली होती. म्हणजे लाभ झाला तो पालकांच्या हाती त्या-त्या वेळी पडलेल्या पैशाने. जुलै 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे 1,500 रुपये दरमहा थेट बाईच्या खात्यात येतात, आणि म्हणूनच ती दिशा मला योग्य वाटते.

बालाघाट

चेरोकींचा दाखला मी नाकारत नाही, मात्र त्याच देशातील दुसरा प्रयोगही पाहावा. चार महानगरांतील 1,000 गरीब मातांपैकी काहींना बाळाच्या जन्मापासून दरमहा 333 डॉलर आणि उरलेल्यांना 20 डॉलर देण्यात आले. पहिल्या वर्षी बाळांच्या मेंदूच्या आलेखात फरक दिसल्याने मोठा गाजावाजा झाला, पण मुले चार वर्षांची झाल्यावर भाषा, वर्तन वा आकलन यांत दोन गटांमध्ये दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. त्यात करोनाचा काळ मधे आला, हे मान्य. आपल्याकडे हरियाणाने 1994 मध्येच मुलगी अठरापर्यंत अविवाहित राहिल्यास रक्कम देण्याची योजना आणली होती. मुली आठवीपर्यंत अधिक शिकल्या, परंतु अठरापूर्वीची लग्ने त्यामुळे घटली नाहीत, आणि मिळालेला पैसा कित्येक घरांनी लग्नासाठीच वापरला.

पाटीपेन्सिल

मी डोंगरपट्ट्यातील जिल्हा परिषद शाळेत शिकवते. हमी घ्या म्हणणे सोपे आहे. आमच्याकडे ज्याला हंगामी वसतिगृह म्हणतात त्याला इमारत नसते. मुले आजी-आजोबांकडे झोपतात आणि दोन वेळ जेवायला शाळेत येतात. सहावीतली एक मुलगी गेल्या हंगामात सकाळी धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायची आणि आपल्या ताटातली अर्धी भाकरी फडक्यात बांधून आजीसाठी न्यायची, कारण आजीला चुलीपुढचे दिसत नव्हते. कागदोपत्री ती मुलगी 'स्थलांतरापासून रोखलेली' आहे. प्रत्यक्षात ती बाराव्या वर्षी कुटुंबप्रमुख झाली आहे. जी मुले आईबापांसोबत गेली त्यांना मी, तिकडच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून असलेले, शिक्षण हमी कार्ड दिले होते. प्लास्टिकच्या पिशवीत नीट जपलेले ते कार्ड एप्रिलमध्ये परत आले तेव्हा पलीकडच्या शाळेची एकही नोंद त्यावर नव्हती.

कोयताबंद

मी ऊसतोड कामगाराचा मुलगा आहे आणि नातेवाइकांकडे व वसतिगृहात राहून बारावी झालो, त्यामुळे मला वसतिगृहांचे वावडे नाही. पण या चर्चेत आईबापांकडे वेळ नाही, हे जणू त्यांचे लक्षण असल्यासारखे बोलले जात आहे. माझी आई पहाटे चारला मोळ्या बांधायला लागायची. तिने मला वेळ द्यायचा तो कुठून? टनामागचा दर आणि उचलीची पद्धत यांना हात न लावता मुलांच्या विकासाची धोरणे आखणे म्हणजे गळक्या छताखाली बादल्या मांडणे आहे. 2021 मध्ये 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची घोषणा झाली, प्रत्येकी 100 जागा. म्हणजे सगळी भरली तरी 8,200 मुले. फडावर जाणाऱ्या कामगारांची संख्या काही लाखांत आहे. दोघांचा कोयता एकाच्या मजुरीवर घर चालवू शकला, तर आई गावातच राहील, आणि मग वसतिगृहही नको आणि आजीची चूलही नको.

सरळव्याज

हेच तर मी म्हणतो आहे. फक्त तुम्ही त्याला मजुरी म्हणता आणि मी रोख रक्कम.

कोयताबंद

फरक आहे. मजुरी मुकादमाने देणे भागच असते, अनुदान सरकारच्या मर्जीवर असते. पुढच्या निवडणुकीनंतर ते थांबले तर आई पुन्हा फडावर जाईल.

बालाघाट

पाटीपेन्सिल, दर वाढायला वर्षे लागतील, तोवर येत्या हंगामाचे काय? तुमच्या शाळेतल्या जेवणाला मंजुरी केव्हा मिळते?

पाटीपेन्सिल

गाड्या दसऱ्यानंतर आठवडाभरात निघाल्या. मंजुरीचे पत्र डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आले. मधल्या काळात तांदूळ आम्ही शिक्षकांनी घातला, आणि तरीही यादीतली अकरा मुले तोवर आईबापांपाठोपाठ निघून गेली होती.